तळपायाची तीट

अव्वाच्या घरात डझनभर तान्ही मुलं असायची आणि आवाज यायचा तो फक्त तिच्या खोकल्याचा. दाराशी उभं राहिलं तर आत मुलं आहेत हे नाकाला कळायचं, कानाला नाही. ओले लंगोट, आंबलेलं दूध आणि उगाळलेलं जायफळ यांचा मिळून एक वास त्या घराला होता. डोळे अंधाराला सरावले की मग आढ्याला टांगलेल्या झोळ्या दिसायच्या आणि जमिनीतल्या एका चौकोनी खड्ड्यात चिंध्यांवर ओळीने निजवलेली मुलं दिसायची. कुणी हलत नसे. उन्हाळ्यात माश्या त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत येऊन बसत, तरी पापणी लवत नसे. भिंतीला टेकून अव्वा बसलेली असे. फाटक्या पंख्याने एकेका मुलावरून वारा घालायची, आणि खोकायची.

मागच्या वर्षी मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा सुजाता, तू माझ्यावर रागावली होतीस. तुझं बाळ दुपारी शांत झोपलं की मी जाऊन त्याच्या पायावरचं पांघरूण बाजूला करायची, तळवा बघायची आणि त्याला बोटाने हलकेच टोचायची. बाळ दचकून रडायला लागायचं. "आजी, झोपलेल्या बाळाला कुणी मुद्दाम उठवतं का?" असं तू विचारलंस. चहाच्या टेबलावर सांगून संपेल असं ते उत्तर नव्हतं. आता सवडीने, पहिल्यापासून क्रमाने लिहिते. तुम्ही तिघा भावंडांनीही वाचा.

आमचं घर सोलापुरात भवानी पेठेच्या कडेला होतं. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, शाळेत मास्तर होते. पुढचं दार मोठ्या रस्त्यावर होतं. त्या बाजूला कारकून, वकील, एक वैद्य अशी घरं. मागचं दार बोळात, अव्वाच्या दारासमोर, उघडायचं आणि तो बोळ सगळा गिरणीत जाणाऱ्यांचा होता. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की बोळात पावलं वाजू लागत. बायका कडेवर मूल घेऊन अव्वाच्या दारात शिरत आणि रिकाम्या कडेने बाहेर पडत. त्यांचं काम रीळखात्यात, सूत रिळांवर गुंडाळण्याचं. तिथे फिरते पट्टे, चाकं आणि हवेत सतत उडणारं कापसाचं तूस. मूल नेलं तर मुकादम बाईसकट परत पाठवायचा. घरी ठेवावं तर सासूही गिरणीत आणि नणंदही गिरणीत. म्हणून अव्वा, आणि अव्वाची गोळी.

गोळी अफूची. तिला बाळगोळी म्हणत. अफूचं दुकान तेव्हा सरकारी परवान्याचं होतं, भर बाजारात होतं. त्यात चोरून करण्यासारखं काही कुणाला वाटत नसे. मोहरीएवढी गोळी दुधात विरघळवून चाटवली की मूल दिवसभर भूक विसरायचं. "झोपलं म्हंजी जगलं," असं अव्वा म्हणायची. झोपलेलं मूल गटारात पडत नाही, चुलीकडे जात नाही, रडून रडून त्याची बेंबी सुटत नाही, असा त्याचा अर्थ. बोळातल्या सगळ्या आया हे वाक्य देवाच्या वाक्यासारखं म्हणायच्या.

एकदा वडिलांना राहवलं नाही. मागच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "अव्वा, हे विष आहे. पोरांची वाढ खुंटते याने."

अव्वाने पंखा थांबवला नाही. "व्हय की मास्तर. विषच हाय. तुमच्या शाळंत एवढी पोरं गप कशी बसत्यात?"

"शिस्तीने बसतात."

"शिस्त म्हंजी छडी न्हवं का? तुमी छडी देता, मी गोळी देते. तुमच्यापाशी पोरं दोन्ही टायमाला जेवून येत्यात, मास्तर. माझ्यापाशी उपाशी येत्यात."

आई आतून हसली, वडीलही हसले.

तो जमिनीतला खड्डा मुलांसाठी खणलेला नव्हता. तो मागाचा खड्डा होता. अव्वा आणि तिचा नवरा तेलंगणातून आलेले विणकर. घरातच हातमाग होता, आणि माग चालवताना विणणाऱ्याचे पाय ज्या खड्ड्यात सोडायचे तोच हा. नवरा विणायचा, अव्वा त्याच्यासाठी कांड्यांवर सूत भरायची. मग गिरणीचं लुगडं स्वस्त झालं आणि घरचं लुगडं कुणी घेईना. मागाची लाकडं एकेक करून चुलीत गेली. नवरा गिरणीत कापूस मोकळा करायच्या खात्यात लागला. तिथे तूस इतकं, की समोरचा माणूस दिसत नसे. काही वर्षांनी तो खोकतच वारला. मग अव्वा त्याच खात्यात लागली आणि त्याचा खोकला घेऊन बाहेर पडली. रिकाम्या खड्ड्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तिने त्यात चिंध्या टाकून शेजारणीचं एक मूल निजवलं. असं ते सुरू झालं. "आदी पाय सोडायचो ह्याच्यात," ती म्हणायची, "आता पोरं सोडतो."

मुलांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, किंवा ती मुद्दाम ठेवत नसे. "नाव घेतलं की जीव अडकतो," म्हणायची. आईच्या कामावरून हाक मारायची: "रीळवालीचं उठलं बघ," "कचरेवालीचं पोर आज लई गरम हाय." जीव मात्र अडकलेलाच असायचा. अव्वा स्वतः अफू खाते अशी बोळात कुजबुज होती; तिचे डोळे तसे लाल आणि जड असायचे. पण ती कधी खात नव्हती. मी तिला एकदा सरळच विचारलं होतं. ती म्हणाली, "सगळी झोपल्यावर कुणीतरी जागं नगं का, ताई?"

बोळाच्या मधून एक उघडं गटार वाहायचं. वरच्या अंगाला गिरणीचं रंगखातं होतं. तिथल्या हौदांचं पाणी याच गटारातून खाली यायचं, म्हणून गटाराचा रंग रोज वेगळा असायचा. बायका भांडी घासताना चेष्टा करायच्या: "आज डाळिंबी सोडलीय गं," "आज मोरपंखी, कुणाचं लगीन हाय?" बोळातल्या विहिरीचं पाणी आधी पिवळं झालं, मग त्याला सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला, आणि मग लोकांनी तिच्यात पोहरा टाकणं सोडलं. विहिरीकाठचा कडुनिंब एका बाजूने वाळला. मोकाट गाई गटाराला तोंड लावायच्या आणि रंगीत मुस्कटं घेऊन हिंडायच्या. पाण्यासाठी आता कोपऱ्यावरच्या नळाला रांग लावावी लागे. ती भोंग्याच्या आधी लागायची आणि भोंग्यानंतरही संपायची नाही.

आता काशीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येतं.

काशी करमाळ्याकडची, धनगराची पोर. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा नवऱ्याबरोबर सोलापुरात आली. उंच, काटक, आणि मोठ्याने बोलायची सवय. माळावर हाका मारून वाढलेली ती. तिची आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा देवाची नजर लागू नये म्हणून तिने तिचं नाव धोंडी ठेवलं. धोंड्याला कोण नेतो, असा हिशेब. पहिल्यांदा धोंडीला घेऊन आली तेव्हा गोळीवरून तिची आणि अव्वाची चांगलीच जुंपली.

"आमच्यात कोकराला बी असं निजवत न्हाईत, अव्वा. कोकरू आईच्या मागनं पळतं."

"मग ने की तुझ्या कोकराला गिरणीत. पळू दे पट्ट्याच्या मागनं."

काशी दोन दिवस धोंडीला तशीच ठेवून गेली. धोंडी इतकी रडली की तिचा आवाज बसला. तिसऱ्या दिवशी काशीने स्वतःच हात पुढे केला, "दे गोळी," आणि तोंड फिरवून रडली. रडत रडतच म्हणाली, "ही जगली पायजे, अव्वा. बाकी काय बी कर. ही जगली पायजे." अव्वा तेव्हापासून त्या पोरीला तिच्या नावाने हाक मारू लागली. डझनभरातलं ते एकच नाव तिच्या तोंडी होतं.

गोळीच्या बाबतीत अव्वाचा एक नेम होता आणि तो ती कधी मोडत नसे. दुसऱ्या कुठल्याशा चाळीत एका पोराला आईनेही गोळी दिली आणि सांभाळणारणीनेही. ते पोर उठलंच नाही, असं तिच्या कानावर आलं होतं. तेव्हा तिने आयांना सांगून ठेवलं, की घरी गोळी दिली असेल तर मुलाच्या उजव्या तळपायाला काजळाची तीट लावायची. तीट गालाला लावली तर घामाने पुसते, आणि दृष्टीची कोणती नि गोळीची कोणती ते कळत नाही. तान्ह्याचा तळपाय मात्र जमिनीला लागत नाही. तीट असली तर ती मूल नुसतं निजवायची. नसली तरच गोळी. सकाळी दारात उभी राहून मुलं घेताना ती आधी चेहरा बघत नसे, पाय बघायची. मला ते फार शहाणपणाचं वाटायचं. होतंही. फक्त मूल रांगायला लागलं की काय, याचा विचार त्यात नव्हता, आणि गटाराचा नव्हता.

तो भोगीचा दिवस होता. संक्रांत दुसऱ्या दिवशी, म्हणून गेले कित्येक दिवस गिरणीत काळा रंग चालला होता. संक्रांतीला बायकांना काळी चंद्रकळा हवी असते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. माझ्या आईनेही त्या वर्षी एक घेतली होती, घडी न मोडलेली ट्रंकेत होती. मला शाळेची सुट्टी होती. आई चुलीपाशी भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी करत होती. भोंगा होऊन गेला होता, गिरणी चालू झाली होती आणि बाहेर कडाक्याची थंडी होती.

मागच्या दाराकडून असं रडणं ऐकू आलं, की आई भाकरी तव्यावर सोडून उठली.

झालं होतं ते असं. अव्वा नळाच्या रांगेत अडकली होती. काशी आली तेव्हा दुसरा भोंगा व्हायला आला होता. उशीर झाला तर दार बंद, दिवस बुडाला आणि जागाही गेली. तिने धोंडीला अव्वाच्या उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि पळाली. धोंडी नुकतीच रांगायला लागली होती. ती उंबरा ओलांडून आईच्या मागे निघाली, कोकरासारखी, आणि थेट गटारात गेली. रंगखात्याने त्याच वेळी हौद सोडले होते. अव्वा घागर घेऊन परतली तेव्हा पोरगी मांड्यांपर्यंत काळ्या पाण्यात बसून किंचाळत होती.

अव्वाने तिला आमच्या मागच्या पायरीवर आणलं. आईने कढत पाणी दिलं, रिठे दिले, शेवटी चुलीतली राख दिली. मी पाणी ओतत होते आणि अव्वा घासत होती. पाय घासून लाल व्हायला हवे होते, ते काळेच राहिले. तळवे तर शाईत बुडवल्यासारखे. पोरगी मुठी तोंडात घालत होती, मुठीही काळ्या, त्यामुळे ओठ आणि जीभ काळीनिळी झाली होती. अव्वाने उजवा तळपाय उजेडाकडे धरला. मग डोळ्यांपाशी नेला. मग पदराला थुंकी लावून एकाच जागी घासत राहिली.

"दिली आसंल का हो काशीनं?" तिने विचारलं. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

आई म्हणाली, "अव्वा, आजच्या दिवस देऊच नकोस. रडू दे. रडून कुणी मरत नाही."

"दिली आसती तर एवढी रडली आसती का, मास्तरीणबाई?"

"तरी नको देऊ."

अव्वा तिला घेऊन घरी गेली. आम्हाला रडणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने झोळीतलं दुसरं एक मूल उठलं, मग तिसरं. शेजारचा रातपाळीचा माणूस भिंतीवर मूठ आपटून ओरडला, "अव्वा! रातभर उभा हुतो मशिनीवर! तोंड बंद कर त्यांची!" धोंडी थंडीने थरथरत होती, रडताना तिचा श्वास अडकत होता. मग एकदम शांत झालं. आईने हातातली भाकरी परातीत ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. अव्वाने गोळी दिली होती. काशीची गोळी अंगात भिनायच्या आधीच दुसरी पोटात गेली होती.

उन्हं जरा वर आली असतील, तेव्हा अव्वा दारात येऊन उभी राहिली. "मास्तरीणबाई, हिचे ओठ काळे हायेत ते रंगानं हायेत का?"

आईने पोरीला स्वतःच्या हातात घेतलं. आमच्या घरात सोवळं फार होतं; बोळातल्या मुलांना आई लांबून खाऊ द्यायची, शिवत नसे. त्या दिवशी तिने धोंडीला छातीशी धरलं, नाकाशी कान नेला आणि तशीच अनवाणी बोळातून निघाली. अव्वा तिच्या मागे आणि अव्वाच्या मागे मी. चूल पेटलेली, दार उघडं. गिरणीच्या आवारात कामगारांचा दवाखाना होता आणि काशीही आतच होती. दोन्ही गोष्टी त्या एकाच फाटकाच्या पलीकडे.

फाटकावरचा दरवान म्हातारा होता, अव्वाच्या ओळखीचा. तो म्हणाला, "अम्मा, नंबर नै तो अंदर नै. दवाखाना काम करनेवालों का है. बच्चे का नंबर किधर है?"

आई म्हणाली, "मग डॉक्टरांना बाहेर बोलवा."

"पाळी चालू है, अम्मा. मैं छोड्या तो मेरी नोकरी जाती."

"काशीला बोलव रे," अव्वा म्हणाली. "रीळखात्यातली काशी. एकच इचारायचं हाय. एकच."

"भोंगा होने दे, अव्वा. भोंगा हुए बिगर कोई नै निकलता."

आत यंत्रांचा असा घोंगाट होता की पायांखालची जमीन थरथरत होती. अव्वाने फाटकाचे गज धरून काशीच्या नावाने हाका मारल्या. त्या फाटकाच्या पुढे गेल्या नसाव्यात. मग ती खाली बसली. धोंडीला मांडीवर घेतलं आणि तिच्या तळपायांवर चापट्या मारू लागली. "धोंडे, ऊठ. ए बिड्डा, रड की गं. रड की." बिड्डा म्हणजे तेलुगूत लेकरू. जी बाई सगळ्या बोळाची मुलं गप्प करायची, ती त्या पोरीला रडण्यासाठी गयावया करत होती. चिमटे काढत होती, तोंडावर फुंकर घालत होती, कानात ओरडत होती. "रड माझे आई. एकदा रड. तुला पोटभर दूध देते. रड की." धोंडीने एकदा जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं. त्यानंतर तेही नाही. आईने हळूच हात लावून पाहिला आणि मला म्हणाली, "तू तिकडे तोंड कर."

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. बायका लोंढ्याने बाहेर आल्या. सगळ्यांच्या केसांवर आणि भुवयांवर पांढरं तूस. तरण्या बाया म्हाताऱ्यांसारख्या दिसत होत्या. काशीने अव्वाला पाहिलं आणि ती धावली. तिने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं नाही. अव्वानेच सगळ्यांना लावलेली सवय ती. तिने आधी उजवा पाय उचलून उलटा केला. काळा तळवा तिने अंगठ्याने पुसला, पुन्हा पुसला.

"म्या तीट लावली हुती की, अव्वा," ती म्हणाली. "ठळक लावली हुती."

नंतर डॉक्टर आला. रीळखात्याच्या बायकांनी त्याला जवळजवळ ढकलतच आणलं. त्याने धोंडीची पापणी वर केली आणि परत खाली ठेवली.

पुरायच्या आधी बायकांनी पोरीला अंघोळ घातली, तेव्हाही पायांचा रंग निघाला नाही. त्या गिरणीच्या मालाची ख्यातीच ती होती. काही झालं तरी रंग जात नाही. आईने ती चंद्रकळा त्या संक्रांतीला नेसली नाही, पुढेही नाही. ट्रंकेत घडीवरच तिला कसर लागली.

काशी अव्वाला एक शब्दही लावून बोलली नाही. एक दिवस घरी राहिली आणि कामावर गेली, कारण दुसरा दिवस राहिली असती तर जागा गेली असती. शिव्या दिल्या असत्या तर अव्वाला बरं वाटलं असतं, असं आई म्हणायची.

अव्वाने गोळीची डबी गटारात टाकली. मुलं ठेवून घ्यायची, पण गोळी न देता. मग आमच्या मागच्या दारी जे सुरू झालं ते तुम्हाला कसं सांगू? डझनभर उपाशी मुलं दिवसभर रडायची. अव्वा दोघांना छातीशी आणि एकाला पाठीशी बांधून खोकत फेऱ्या मारायची. जेवणाच्या सुट्टीत जमतील तितकी मुलं घेऊन गिरणीच्या फाटकाशी जायची. आया गजांपाशी बसून पाजायच्या, आणि अर्ध्यांचं पाजून होण्याआधी भोंगा व्हायचा. मूल ओढून काढावं लागे. बायकांच्या चोळ्या भिजलेल्या, तशाच आत जायच्या. मग सुतावर डाग पडतात म्हणून मुकादमाने बायकांना सुट्टीत फाटकाशी यायला बंदी केली. पलीकडच्या गल्लीत दुसरी एक बाई होती. ती विचारत नसे, पाय बघत नसे, मोठ्या गोळ्या द्यायची आणि तिच्याकडे शांत असायचं. एकेक करून मुलं तिकडे गेली. अव्वाचा खड्डा रिकामा झाला. मागाच्या वेळी झाला होता, तसाच.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात काशी नवं मूल घेऊन अव्वाच्या दारात आली. मी आणि आई मागच्या पायरीवर शेवया वाळत घालत होतो.

"अव्वा, ह्याला निजव."

"मी गोळी देत न्हाय आता, काशे. तुला ठावं हाय."

"ठावं हाय. म्हणून तर आले. पलीकडं दोन पोरं गेली ह्या महिन्यात. तिच्या हाताला भ्याव न्हाय, अव्वा. तुझ्या हाताला हाय." काशीचा तो माळावरचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, अगदी हळू बोलत होती. "तूच दे. तुझ्याबिगर कुणाच्या हातनं मला धीर न्हाय."

अव्वाने पंखा खाली ठेवला. मग तिने हात पुढे केले आणि मूल घेतलं. त्याचं नाव दगडू. तिने त्याला गोळी दिली, मोहरीच्याही निम्मी. पण खड्ड्यात ठेवलं नाही, झोळीत ठेवलं नाही. दिवस मावळेपर्यंत मांडीवर घेऊन बसली, एक बोट त्याच्या नाकाशी धरून. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग पुन्हा दुसरी मुलं येऊ लागली, आणि तिला मांडी एकच होती.

दगडू जगला. पण दात उशिरा आले, पाय उशिरा चालले, आणि डोळे नेहमी अर्धे मिटलेले असायचे. "जगलाय न्हवं?" काशी म्हणायची. कुणाला विचारायची ते समजत नसे.

माझं लग्न झालं आणि मी सोलापूर सोडलं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं तेव्हा ते घेऊन मी मागच्या दाराने अव्वाकडे गेले. ती फार वाळली होती, आणि खोकल्याने तिला नीट बसवत नव्हतं. झोळ्या टांगलेल्या होत्या. खड्ड्यात मुलं निजली होती, माश्याही तशाच. तिने हात पसरले. "आण ताई, बघू तुझं." आणि सवयीने बाळाचा पाय आधी उलटा केला.

उजव्या तळपायाला काजळाची तीट होती. माझ्या सासरच्या रीतीप्रमाणे आईने सकाळीच लावली होती, दृष्ट लागू नये म्हणून. मला त्यात काही वाटलंच नव्हतं.

अव्वाने पदराचं टोक ओलं केलं आणि पुसायला लागली. काजळच ते, एका हातासरशी गेलं. तळवा स्वच्छ, गुलाबी झाला. तरी ती पुसतच राहिली. "तळपायाला नगं, ताई," म्हणाली. "गालाला लाव, कपाळाला लाव. हितं नगं." बाळाला ते सोसेना. ते रडायला लागलं, अगदी टाहो फोडून. खड्ड्यातलं एक मूलसुद्धा हललं नाही.

मी घ्यायला हात पुढे केले. अव्वाने बाळ दिलं नाही. छातीशी धरून डोळे मिटून बसली. आमचे शेजारी देवळातला नगारा वाजताना बसायचे, तशी. "थांब," म्हणाली. "रडू दे जरा. रडतंय म्हंजी हाय."

ते बाळ म्हणजे तुमचे बाबा. त्यानंतर अव्वा माझ्या दृष्टीस पडली नाही. त्याच हिवाळ्यात ती खोकल्याने गेली. तिच्या घरात कुणी दुसरी बाई मुलं सांभाळायला बसली, असं आईने सांगितलं.